धुतलेली लोकर

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

पर्वती पायथा, पुणे
ता. १६ जानेवारी १९७३

चि. मच्छिंद्र यास चांगुणाअक्काचे अ. उ. आ.

सुताचं गाठोडं संक्रांतीच्या आदल्या दिवशी एस.टी.च्या ड्रायव्हरनं आणून दिलं. यंदाही ह्यांच्या अंगावर आपल्याच मेंढरांच्या लोकरीचा स्वेटर चढणार म्हणून जीव सुखावला. बाबांनी सरकारी फार्मवरनं तो परदेशी मेंढा आणला तेव्हा सगळी भावकी हसली होती. आता बघा म्हणावं, सूत कसं मऊ लागतंय ते. शेजारच्या जोशीणबाई दोनदा हात लावून गेल्या.

पण एक विचारते, रागावू नकोस. सूत इतकं स्वच्छ कसं? एरवी तुझ्या गाठोड्यातून निम्मं सूत आणि निम्मं रान निघतं. मेंढरं धुतल्याशिवाय कातरायची नाहीत ही आपल्या घरची रीत मला ठाऊक आहे. पण मागच्याच पत्रात तू लिहिलंस की ओढा कोरडा पडलाय, विहिरीचा खडक दिसतोय आणि टँकर आला तर आला. मग मेंढरं धुतली कुठं? ती विकून-बिकून टाकलीस, आणि बहिणीची समजूत घालायला बाजारातलं सूत पाठवलंस, असं तर नाही ना?

दुसरं आईचं. दिवाळीपासूनच्या तुझ्या सगळ्या पत्रांत "आई बरी आहे" एवढंच आहे, त्यात काना-मात्रेचाही फरक नाही. तिला न्यायला मार्गशीर्षात येते म्हटलं तर तू बसगाड्यांची अडचण सांगितलीस. आता माघात येते म्हटलं तर काय सांगशील? राहीला आशीर्वाद. लोभ आहेच, उत्तर खरं आलं तर वाढेल.

तुझी अक्का

तिसगाव
ता. २४ जानेवारी १९७३

ती. अक्का हिस मच्छिंद्राचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मेंढरं विकलेली नाहीत, बिरोबाची आण. यंदा टँकरच्या पाण्यानंच धुतली. टँकरवाला ओळखीचा निघाला, त्यामुळे जमून गेलं.

आई कर्जतला मामांकडे गेली आहे. रतनमामींनी आग्रहानं ठेवून घेतलंय, सोडायलाच तयार नाहीत. तेव्हा माघात यायची घाई करू नकोस, उगीच हेलपाटा पडायचा. राही आणि मी दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जातो. तिथं खायला सुकडी वाटतात, ती पोरांना इतकी आवडली आहे की दुष्काळ संपला तर रडतील.

दाजींना नमस्कार. स्वेटर झाल्यावर तो घालून इकडे या म्हणावं, उन्हाळ्यात आलात तरी आम्ही हसणार नाही. धाकट्यावरची माया आटू देऊ नये, ही विनंती.

तुझा मच्छिंद्र

पुणे
ता. २ फेब्रुवारी १९७३

चि. मच्छिंद्र यास आशीर्वाद. ह्या वेळी "अनेक उत्तम" लिहिलेलं नाही, हे ध्यानात घे.

तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही, तर त्या वाटेला जावं कशाला? टँकरच्या पाण्यानं मेंढरं धुतलीस? रांगेतल्या बायकांनी आधी तुला धुतला असता. आणि रतनमामी परवा डोळे दाखवायला पुण्याला आल्या त्या आमच्याकडेच उतरल्या. दिवाळीपासून आईनं त्यांचा उंबरासुद्धा ओलांडलेला नाही.

मामी निजल्यावर सगळं सूत पलंगावर पसरून बसले. सूत आईच्याच हातचं आहे. मध्येच जरा जाड सोडून द्यायची तिची खोड मी डोळे मिटूनही ओळखीन. लडी झटकली तर बारीक वाळू पडली. यंदा आपल्या मुलखात मेंढरं धुण्याइतकं पाणी आणि वाळू एका जागी असणार ती गंगथडीलाच, गोदावरीच्या काठाला. म्हणजे मेंढरं तिकडं आहेत, आणि आईही तिकडंच आहे.

पासष्टीच्या म्हातारीला मेंढरांमागे पिटाळून तुम्ही नवराबायको घरच्या छपराखाली निजता? हा सल्ला राहीचाच असणार, तुझं डोकं एवढं चालत नाही. पुढच्या शनिवारी मी निघते आहे. आई दिसली नाही तर भर बाजारात उभी राहून तुला जाब विचारीन. लोभाचं त्यानंतर बघू.

चांगुणा

तिसगाव
ता. ६ फेब्रुवारी १९७३

ती. अक्का हिस सा. न. वि. वि.

राहीचं नाव घेऊ नकोस. आई निघाली तेव्हा ती तिच्या पायाला मिठी मारून बसली होती. आईला कुणीही पिटाळलेलं नाही. ती पळून गेली आहे, आणि तुला भिऊन पळाली आहे. हे मला लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी आपला चुलतभाऊ बन्सी पुण्याला घोंगड्या विकायला गेला होता. तुझ्या परसात नवी पत्र्याची खोली उठलेली त्यानं बघितली. आईला कायमची इथंच आणणार आहे पण तिला आत्ता बोलू नकोस, असं तू त्याला बजावलंस. बन्सीच्या पोटात भाकरी राहते, गोष्ट राहत नाही. आई ते ऐकून जेवणं झाल्यावर म्हणाली की त्यापरीस मी शनीच्या शिंगणापुरात जाऊन ऱ्हाते, तितं दारंच न्हाईत. गेल्या वर्षी ती तुझ्याकडे होती तेव्हा शाळेत शिवण शिकवायला जाताना तू बाहेरून कडी लावत होतीस म्हणे. गाडीखाली सापडेल ह्या भीतीनं लावत असशील, ते मला समजतं. पण तिनं ते वर्षभर पोटात ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी मेंढरं सोडली आणि बन्सीला घेऊन निघाली. मी येतो म्हटलं तर हातातलं काम सोडू नगं म्हणाली, आणि तुला न कळवण्याची शपथ घातली. सूतसुद्धा तिनंच धाडलं, न धाडलं तर चांगुणाला संशय येईल म्हणून.

शेवगावच्या पुढे, पैठणच्या अलीकडच्या काठावर त्यांचा मुक्काम आहे. जाणार असशील तर जपून जा. ती आता कुणावरही भरवसा ठेवत नाही, माझ्यावरही नाही. माझ्यावर राग धर, पण लोभही राहू दे.

तुझा मच्छिंद्र

पुणे
ता. १७ फेब्रुवारी १९७३

चि. मच्छिंद्र व सौ. राही यांस अ. उ. आ. राहीची माफी मी तोंडानं मागेन, पत्रात ती नीट मागता येणार नाही.

आई भेटली. लांबून तिला मी मेंढरं चोरायला आलेली बाई वाटले, तिनं सरळ गोफण फिरवली. दगड माझ्या पायाशी येऊन पडला. मी हाक मारली तेव्हा मटकन खाली बसली आणि तोंडभर हसली. अंगानं वाळली आहे, पण चालते अशी की तिच्यामागे मलाच दम लागला.

हसू ओसरल्यावर पहिला प्रश्न केला तो खोलीचा. कशापायी बांदली म्हणून विचारलं. मी म्हटलं, कोळसा ठेवायला. तर म्हणाली की कोळशाला खिडकी कशाला लागती.

तीन दिवस राहिले. न्यायला नाही, नुसती बघायला आले आहे, असं येताजाता सांगत होते. ती मान डोलवायची, पण तिला ते पटलेलं नसायचं. झोपायची ती गाठोडं उशाला घेऊन, मेंढरांच्या पलीकडच्या अंगाला. तुझे केस विंचरते म्हटलं तर माझ्याकडे पाठ करून बसायला तयार होईना. आणि तिचं काय चुकलं? मी न्यायलाच गेले होते. तिच्या तिकिटाचे पैसे माझ्या पदराला बांधलेले होते.

निघाले तेव्हा फाट्यापर्यंत पोचवायला आली, पण रस्त्याच्या पलीकडेच थांबली. इकडे ये म्हटलं, तर तिथूनच हात हलवला. बस आली, मी चढले, खिडकीशी बसले, तरी ती तिथंच, काठी दोन्ही हातांनी धरून उभी. मच्छिंद्र, आपली आई मला भिते रे. पोटच्या लेकीला भिते. माझ्या डोळ्यांचं पाणी खळेना.

कंडक्टरनं घंटी मारली, बस हलली, तेव्हा कुठं ती काठी टाकून धावत आली. खिडकीच्या गजांतून हात घालून माझ्या गालावरनं फिरवत राहिली, बसबरोबर धावता येईल तोवर. चालत्या बसमध्ये तिला कुणी ओढून घेणार नव्हतं.

पाऊस पडेपर्यंत तिला तिथंच राहू दे. बन्सी आला की त्याच्याकडे निरोप दे, की चांगुणा चैत्रात येते आहे आणि एकटीच परत जाणार आहे. तिला ते एकदा नाही, रोज सांगायला सांग. तुम्हा दोघांचा लोभ मागते, तिचा मागायला मीच जाईन.

तुझी अक्का