वाटेकडची जागा

१४ तारीख, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही पोचलो हे तुला फोनवर कळलंच. लेक-जावई मजेत आहेत. घर नवव्या मजल्यावर आहे, खिडक्या उघडत नाहीत. पाय सुजलाय, बुटाने घासला असेल, असं मी तुला म्हटलं होतं. तसं नव्हतं. पोटरीत रक्ताची गुठळी झाली होती. गोळ्या चालू आहेत, घाबरू नकोस.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "एवढ्या लांबच्या प्रवासात एकदाही उठला नाहीत?" मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "हिला खिडकीच लागते. बसली की हलत नाही." त्या हसल्या. मीही हसले.

ताई, विमानाच्या खिडकीची झडप सगळा वेळ बंद होती. हे वाटेकडे बसले आणि जेवण होताच पाय ताणून घोरायला लागले. झोपमोड झाली की यांचा पारा कसा चढतो, तुला माहीत आहे. ओलांडून जावं, तर आईचं बोलणं आठवलं: झोपलेल्या माणसाला ओलांडू नये. मग मी पाणी पिणंच सोडलं. पाणी नाही, तर उठायला नको. केवढी हुशारी!

परतीची तिकिटं आली आहेत. मधूनमधून उठून चालायलाच हवं. पुन्हा गुठळी झाली आणि फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल, असं बाईंनी बजावलंय. यांनी माझ्यासाठी पुन्हा खिडकीच घेतली. "तुला आवडते ना!" लेक म्हणाली, "बाबांच्या किती लक्षात राहतं."

आत्ता हे आरामखुर्चीत झोपलेत. पाय समोरच्या स्टुलावर, स्वयंपाकघराच्या दारात आडवे. माझी गोळीची वेळ झालीय आणि पाणी पलीकडे आहे. म्हणून तर एवढं लांबलचक पत्र.

थांब जरा.

ओलांडलं. सुजलेला पाय नीट उचलला गेला नाही, यांच्या पायाला लागला. हे दचकून उठले.

"काय गं, आग लागली का?"

"पाणी हवं होतं. आणि परत जाताना वाटेकडची जागा माझी."

"मग मला उठायचं असलं तर?"

"मला उठवा. मी उठेन."

"बघू," हे म्हणाले, आणि पाय पुन्हा स्टुलावर ठेवले. यांचं 'बघू' तुला ठाऊक आहे.

हे शेवटचं ओट्यापाशी उभ्याने लिहितेय. पेलाभर पाणी प्यायले, मग आणखी एक. बाहेर जायची वाट तीच आहे.

दाराच्या अलीकडून,
तुझी धाकटी