मांजर रडत नव्हती

बाबा, मांजर रडत नव्हती. तेव्हाही सांगितलं होतं, आज पुन्हा सांगते. आता तुम्हाला उलट बोलता येत नाही म्हणून जोर आलाय, असं समजू नका. तुम्ही समोर ओसरीवर बसलेले असतात तरी हेच सांगितलं असतं. आज दुपारी माझ्या मांजरीनं जुन्या मोज्याची गुंडाळी कुठूनशी उकरून काढली आणि ती तोंडात धरून घरभर तोच आवाज काढत फिरली. शेजारची सून हातातलं काम टाकून धावत आली आणि मांजरीला काय झालं म्हणून विचारू लागली. मी म्हटलं, काही झालं नाही, तिला काहीतरी सापडलंय. सून हसत गेली, पण तुमचा-माझा जुना तंटा जागा करून गेली.

आपल्या घरची मांजर राखाडी होती, एका कानाला चीर पडलेली. पोळा झाला की तुम्ही बैलांचा साज उतरवून कापसाच्या खोलीत खुंटीला टांगायचात. अंबाडी ठोकून, तिचे धागे रंगवून गोंडे तुम्ही स्वतः करायचात, दुसऱ्या कोणाचे तुम्हाला पसंत पडत नसत. त्यातला एक तांबडा गोंडा खाली पडला आणि मांजरीनं तो आपला मानला. उंदीर ती खाऊन मोकळी व्हायची, गोंड्याला मात्र जिवापाड जपायची. मी त्याच खोलीत अभ्यासाला बसायचे, कारण घरात तेवढी एकच जागा होती जिथे मला कोणी पाणी मागत नसे. मी पुस्तकात डोकं घालून बसलेली असते आणि ही कापसाच्या ढिगावरून गोंडा घेऊन उतरते. तोंड भरलेलं, त्यामुळे म्याव निघतच नाही. छातीच्या तळातून एक लांब, जाड, मध्येच वाकणारा आवाज येतो आणि शेवटाला कोणाला तरी विचारल्यासारखा वर जातो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. पण मी मान वर करून पाहिलं. ती माझ्यापाशी येते, गोंडा पायाशी ठेवते आणि आवाज बंद. मी म्हणायचे, हो ग, पाहिला, लय चांगला आहे. मग ती निवांत अंग चाटत बसायची. गोंडा तोंडात असला की तो आवाज, खाली ठेवला की साधं म्याव. यात न समजण्यासारखं काय होतं, बाबा? नुसतं पाहायचं होतं.

पण तुमच्या घरात पाहायचीच बंदी होती. रडत्या मांजरीकडे पाहिलं की तिचं रडणं आपल्या घराला लागतं, असं तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलेलं, आणि तुम्ही ते आम्हाला. आवाज आला की तुम्ही तोंड फिरवायचात, माय पदर कानावर ओढायची. त्यामुळे तिच्या तोंडात काय आहे ते तुम्ही दोघांनी कधी बघितलंच नाही. साऱ्या गावात शिंकेला, रिकाम्या घागरीला तुमच्याइतकं मानणारा माणूस नव्हता. बंडी जुंपून झाल्यावर कोणी शिंकलं तर बैल सोडून पुन्हा जुंपायचात. बैलांना काय वाटत असेल, असं मी एकदा विचारलं तेव्हा तुम्ही हसला होतात, हेही खरं आहे. मांजरीला मारायची सोय नव्हती, कारण मग सोन्याची मांजर करून काशीला वाहावी लागते. म्हणून तुमचा ठरलेला उपाय होता, पोत्यात घालून नाल्यापलीकडे सोडून यायचं. त्या उन्हाळ्यात ते पोतं तुम्ही दारामागे काढून ठेवलं होतं.

आपला जिल्हा मुंबई राज्यात जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. माझी सातवीची परीक्षा दिग्रसला होती, सकाळी लवकर. आदल्या दिवशी तुम्ही मला तिथल्या मावशीकडे नेऊन पोचवायचं ठरलं होतं. बंडी अंगणात तयार, माझी पत्र्याची पेटी तिच्यात ठेवलेली, माय माझ्या हातावर दही ठेवत होती. आणि तेवढ्यात आतून तो आवाज आला. माझ्या मागोमाग ती गोंडा घेऊन निघाली होती. तिला बिचारीला काय माहीत की आज मुहूर्त आहे. तुम्ही तोंड फिरवलंत, बैलाच्या मानेवरचं जू उतरवलंत आणि म्हणालात, “मांजर रडली. आज बंडी निघत नाही. पुढच्या साली देजो परीक्षा.” मग मायला म्हणालात, पोतं आण, हिचंही आजच उरकून टाकतो.

पुढचं साल नव्हतं, बाबा. ते तुम्हालाही माहीत होतं. पुसदकडच्या एका घराशी तुमची बोलणी चालली होती आणि भिंतीपलीकडून मी ती ऐकली होती. परीक्षा हुकली असती तर पुढच्या सालापर्यंत मी त्या घरी भाकरी थापत बसले असते आणि मांजर नाल्यापलीकडे उपाशी फिरली असती. दोघींचं एकाच आवाजावर ठरणार होतं. हातावरचं दही चाटायचंही मला सुचलं नाही. मी मांजरीला गोंड्यासकट उचललं आणि तुमच्यासमोर धरलं. तुम्ही दुसरीकडे बघू लागलात, मी तिकडे गेले. तेव्हा मी जे बोलले ते आपल्या घरात कोणी तुम्हाला कधी बोललं नव्हतं: “ती रडून नाही राह्यली, बाबा. तिच्या तोंडात गोंडा हाये. तुमी तोंडात तंबाकू धरून बैलायले हाका मारता, तवा तुमी रडता काय?”

माय म्हणाली, बापाच्या तोंडी नोको लागू. तुम्ही तंबाखू मळून गालात भरलात. म्हणजे बोलायची सोयच उरली नाही. मी मांजर मायच्या हातात दिली, बंडीतून पेटी ओढून काढली, डोक्यावर घेतली आणि फाटकाबाहेर पडले. आज कोणी मला विचारतं, तुम्हाला भीती नाही वाटली का. वाटली. पेटीची कड डोक्यात रुतत होती, आणि दिग्रसचा रस्ता मी एकटीनं कधी चालले नव्हते. पण परत फिरायचं एकदाही मनात आलं नाही, आणि त्याबद्दल मला आजही काडीचा पस्तावा नाही. त्या वयात मला एवढं कळलं होतं की मांजर असो की पोरगी, तिनं आवाज काढला की लोकांना रडणंच ऐकू येतं. तिला काही सापडलंय, ते तिला दाखवायचंय, हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं.

कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली रानं दोन्हीकडे पडली आहेत, ऊन चढतंय, आणि मी चालते आहे. मागून चाकांचा आवाज येतो. मी वळून पाहत नाही. बंडी माझ्या चालीनं, जरा अंतर ठेवून मागे येत राहते. तुम्ही थांब म्हणत नाही, बस म्हणत नाही. मग मागून हाक येते. तोंड भरलेलं, त्यामुळे माझं नाव निघतच नाही. छातीच्या तळातून एक लांब, जाड, मध्येच वाकणारा आवाज निघतो आणि शेवटाला विचारल्यासारखा वर जातो. मी भर रस्त्यात थांबले. हसू आवरलं नाही, आणि डोळ्यांत पाणी होतं तेही आवरलं नाही. बंडी शेजारी आली, मी पेटी वर टाकली आणि चढले. दिग्रसपर्यंत तुम्ही तो तंबाखू गालातच ठेवलात. मावशीच्या दारात थुंकलात, चूळ भरलीत आणि एवढंच म्हणालात, “पेपर नीट लिवजो.”

परीक्षा संपवून घरी आले तेव्हा दारामागचं पोतं जागेवर नव्हतं. आत जाऊन बघते तर कापसाच्या खोलीत, माझ्या बसायच्या जागेशेजारी, ते घडी करून अंथरलेलं आणि त्यावर मांजर झोपलेली. गोंडा पोटाशी. ते कोणी अंथरलं, हे घरात कोणी बोललं नाही. पुसदची बोलणी मात्र हळूहळू थंडावली. तुमचं मानणं बदललं असं मी म्हणणार नाही, कारण पुढच्याच महिन्यात रिकामी घागर दिसली म्हणून तुम्ही बाजार बुडवलात. मांजर ओरडली की तुम्ही तोंड फिरवतच राहिलात. फक्त फिरवायच्या आधी एकदा तिच्या तोंडाकडे बघून घ्यायचात. मी पाहिलंय.

म्हणून सांगते, त्या सकाळी मी बरोबर होते आणि तुम्ही चूक. बाप म्हणून सूट नाही, मेलात म्हणूनही नाही. पुढे आयुष्यभर शाळेत शिकवलं, आणि जी मुलगी वर्गात पुटपुटली तिला आधी विचारलं, तोंडात काय धरून आलीस, दाखव. हे तुमच्यामुळे नाही, मांजरीमुळे.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, फडताळात मोज्याखाली राहील. जाता जाता एक सांगून टाकते. माझी मांजर तोंडात गुंडाळी धरून दुसऱ्या खोलीतून हाक मारते, तेव्हा मी बसल्या जागेवरून उत्तर देते. जुन्या सवयीनं हो ग, पाहिला, असं म्हणायचं ठरवलेलं असतं. पण तोंडून निघतं, “आली मी, बाबा.”