सुभेदारानं अंग झाडलं

१४ फेब्रुवारी १९४९, सोमवार. दुपार.

पहिली आली सुलाबाई. ती नेहमीच पहिली येते. विरजण मागायचं निमित्त करायचं आणि आमच्या चुलीवर काय शिजतंय ते बघायचं. तिच्या मागोमाग दोन साहेब आले. पाटलांच्या घरी सुतक, म्हणून तलाठ्यानं त्यांना आमच्या सोप्यात बसवलं. आमचा सोपा गावात मोठा. हे मी म्हणत नाही, सगळे म्हणतात.

एक साहेब साताऱ्याचे, काडीसारखे, डोक्यावर हॅट. दुसरे सांगलीचे, पोट पुढं. आधी संस्थानात नोकरीला होते. गेल्या वर्षी संस्थान विलीन झालं, तसे हेही विलीन झाले. सरकार म्हणे जनावरांच्या सुखासाठी एक स्वतंत्र मंडळ काढणार. त्यावर ना मामलेदाराचं चालणार, ना पाटलाचं. त्याआधी गावोगाव एकेक मेंबर शोधायचा. इथं जनावरांवर जास्त माया कुणाची, असं त्यांनी विचारलं, तर सुलाबाईनं पदराआड हसून माझ्याकडं बोट केलं. मनानं चांगली आहे ती.

तेवढ्यात सुभेदार आत आला आणि साताऱ्याच्या साहेबांच्या फायलीची लाल फीत खाऊन गेला. सुभेदार म्हणजे माझा बोकड. त्याची आई गेली तेव्हा मांजराएवढा होता, बोळ्यानं दूध पाजून वाढवला. दाढी फुटल्यावर कृष्णातनं हे नाव ठेवलं. कृष्णात माझा नातू, मिलिट्रीत आहे. ही तारखा छापलेली डायरी त्यानंच धाडली. आजी, प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलीस, आता ती गंजू देऊ नकोस म्हणाला. काय सांगत होते? हां, सुभेदार. सांगलीच्या साहेबांनी त्याच्या पाठीवरनं, मांडीवरनं किती मायेनं हात फिरवला. चिमटीत धरधरून बघत होते. असा दयाळू साहेब मी आजवर बघितला नाही.

पिठलं-भाकरी जेवून गेले. पिठल्याकडं जरा उदास होऊन बघत होते. उन्हाचे आले होते, थकले असतील.

१५ फेब्रुवारी, मंगळवार.

ठरलं. मंडळाची गावची चेअरमन मीच होणार.

एक अट तेवढी आडवी येते. साताऱ्याचे साहेब जाताना सांगून गेले की मेंबर स्वतंत्र पाहिजे, म्हणजे त्याच्या मालकीचं एकही जनावर नको. नाहीतर तो आपल्याच जनावरापुरतं बघेल. अट चांगली आहे. दुसऱ्यांसाठी तर फारच चांगली. पण गावात बिनजनावराचा माणूस आणायचा कुठनं? मास्तरांना कुत्रा आहे. तलाठ्याला घोडी. देवळाकडं गेले तर कोंडीबा गुरवाच्या दारात गाय. मी म्हटलं, तू पण अडकलासच की. तर म्हणाला, "माझी कुठली आक्का? भैरोबाची हाय ती. मी नुसतं दूध पितो."

याला म्हणतात डोकं. घरी येऊन त्याच्यावरच विचार करत बसले. भाकरी करपली. शालू माझी सून, ती काहीतरी पुटपुटली. चेअरमननं असलं ऐकू येऊ द्यायचं नसतं.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार.

म्हैस नानासोला देऊन टाकली. नानासो माझा मुलगा. तो म्हणाला, बा गेल्यापासनं ती माझीच हाय की. घाईचा स्वभाव आहे त्याचा.

कोंबड्या शालूला दिल्या. संध्याकाळी एक अंडं मागितलं तर म्हणाली, स्वतंत्र माणसानं दुसऱ्याच्या कोंबडीचं अंडं मागू नये. तिला नियम लवकर समजतात.

उरला सुभेदार. नानासोला दिला तर आष्ट्याच्या बाजारात नेईल. शालूला दिला तर तिचा भाऊ पाहुणा आला की ताटात येईल. सुलाबाईला द्यायच्या आधी मी पदच सोडीन. देव मात्र कुणाला बाजारात नेत नाही, आणि त्याला भाऊही नाही.

२१ फेब्रुवारी, सोमवार.

सुभेदार भैरोबाच्या नावावर केला. साक्षीला माणसं असावीत म्हणून मुद्दाम आरतीची वेळ धरली. कोंडीबानं त्याच्या कपाळाला गुलाल लावला, पाठीवर पाणी शिंपडलं. सुभेदारानं शिंगापासनं शेपटापर्यंत असं काही अंग झाडलं की माझ्या नव्या लुगड्याभर शिंतोडे. घेतला, देवानं घेतला, असं सगळी म्हणाली. मी म्हटलं, चला, सहीशिक्का झाला.

मग त्याला दाव्याला धरून घरी घेऊन आले. कोंडीबाची गाय जशी कोंडीबाकडं, तसा हा माझ्याकडं.

म्हातारी माणसं माझ्याकडं फार आदरानं बघत होती. नवसाच्या बोकडाला असंच पाणी शिंपडतात आणि त्यानं अंग झाडलं की जत्रेत तो देवाला जातो, हे मला कुणी सांगायला नको. सगळी हयात याच गावात गेली. पण तो नवस. मी नवस बोललेच नाही, नुसती मालकी बदलली. एवढा फरक भैरोबाला कळत नसेल तर मग कुणाला कळणार?

२८ फेब्रुवारी, सोमवार.

मंडळ अजून निघायचं आहे. पण मी त्याच्यासाठी थांबणारी नव्हे.

ऑर्डर नंबर एक. गुऱ्हाळात चरकाला जुंपलेल्या बैलांना दुपारची सुट्टी. कुणी ऐकेना, म्हणून घरापासनं सुरुवात केली. आमच्या गुऱ्हाळावर जाऊन नानासोचे बैल सोडले आणि सावलीत उभे केले. ते सावलीत उभे राहिले नाहीत. शेजारच्या हरभऱ्यात शिरले. सगळी माणसं बैल वळायला पळाली आणि इकडं काहिलीतला रस करपला. गूळ डांबरासारखा झालाय. नानासो माझ्याशी बोलत नाही. सुधारणा करणाऱ्याला हे सोसावंच लागतं.

ऑर्डर नंबर दोन. बेंदूर म्हणजे बैलांचा सण. आमच्या भागात काही घरं जेठातला कानडी बेंदूर करतात, काही आखाडातला महाराष्ट्री. बैलाला कानडी येत नाही आणि मराठी तरी कुठं येतं? म्हणून प्रत्येक बैलाला दोन्ही बेंदूर, दोन्ही दिवस सुट्टी आणि पुरणपोळी. चावडीपुढं जाऊन सांगितलं. माणसं हसली. बैल कुणी हसला नाही.

दोन्ही ऑर्डरी मास्तरांकडनं लिहून साहेबांना धाडल्या.

१६ मार्च, बुधवार.

कृष्णात रजेवर येतोय. जत्रेला घरी असणार. कार्ड आलं तेव्हा मी सुभेदाराला पाला घालत होते, तसाच पाला डोक्यात माळून गावभर सांगत फिरले असं शालू म्हणते. असेल. थंडीवाऱ्यात, बर्फात होतं पोर. लढाई थांबली, आता येतंय.

सुलाबाई आली. पहिली. म्हणाली, "कृष्णातासाठीच बोलली हुतीस न्हवं नवस? आमी तवाच वळाकलं, बया." मी म्हणणारच होते की अगं, ते निराळं, ते मेंबरकीसाठी. तेवढ्यात शालू चुलीपुढनं उठली. आली आणि माझ्या पाया पडली.

"आत्याबाई, त्यो बोकड म्हंजी तुमचा जीव. माझ्या लेकासाठी तुमी जीव काढून दिलासा."

सणवार सोडून ही कधी माझ्या पायाशी वाकलेली नाही. डोळे भरले होते तिचे. अशा वेळी मेंबरकीचं बोलणं बरं दिसत नाही. तिला हाताला धरून उठवलं.

संध्याकाळी तिनं न मागता अंडं दिलं, तेही तेलात परतून. अर्धं ताटातच राहिलं. मीठ कमी असावं.

२ एप्रिल, शनिवार.

पंचांनी जत्रा ठरवली. १९ला मंगळवारी पालखी आणि गोडा नैवेद्य, पुरणपोळीचा. २०ला बुधवारी खारा नैवेद्य, बोकडाचा, आणि दुपारी गावपंगत. बोकड पहाटेच कापायला धरायचे. पहिला मान सुभेदाराचा. कोंडीबा आनंदानं सांगत आला. मी चहा केला त्याला. कपात साखर घालायची राहिली.

मी घाबरले नाही. माझ्यापुढं दोन वाटा आहेत.

एक, देवळात उभं राहून खरं सांगायचं, की हा नवस नव्हे, चेअरमन व्हायला केलेलं आहे. सांगायला मला काही वाटत नाही. पण कृष्णात अजून वाटेत आहे. आणि शालूनं पाया पडून काढलेलं पाणी परत डोळ्यात कसं घालायचं?

दोन, मंडळाचा हुकूम आणायचा, की बोकड कापू नये. सरकारनंच अडवल्यावर देव रुसला तरी सरकारवर रुसेल. सरकारला त्याची सवय आहे.

दोन नंबर ठरला. तलाठ्याबरोबर साहेबांना निरोप धाडला.

सुभेदार माझ्या पदरात तोंड खुपसून झोपला. त्याला यातलं काही सांगितलं नाही. उगाच काळजी करायचा.

१२ एप्रिल, मंगळवार.

साहेब आले. दोघंही. माझा निरोप मिळाल्यावर न येऊन करतील काय?

मंडळ मात्र निघालेलं नाही. बैठका झाल्या म्हणे, पण सगळ्या माझ्या ऑर्डर नंबर दोनवर. सरकार म्हणतं दोन सुट्ट्या मिळणार नाहीत, एकच बेंदूर निवडा. साताऱ्याचे साहेब म्हणतात आखाडातला खरा. सांगलीचे म्हणतात जेठातला. दिवस ठरल्याशिवाय मंडळ निघत नाही आणि मंडळ निघाल्याशिवाय हुकूम निघत नाही. माझ्या एका ऑर्डरीनं सरकार अडलं. एवढा मान या गावात आजवर कुणाला मिळाला नसेल.

मग मी सुभेदाराचं सगळं सांगितलं. गुलाल, पाणी, शालू, सगळं. खरंखुरं. साताऱ्याच्या साहेबांनी चष्मा पुसत विचारलं की आज बोकडाची मालकी कुणाची. मी म्हटलं, भैरोबाची. तर म्हणाले, "मग अर्ज भैरोबांनी करायला हवा. तुमची म्हणाल, तर तुम्ही मेंबर राहत नाही."

फार हुशार माणूस. 

सांगलीचे साहेब मऊ. सुभेदाराच्या मांडीवर हात ठेवूनच बसले होते. म्हणाले, आजीबाई, एवढं वाईट वाटून घेऊ नका, आम्ही स्वतः येऊन जाग्यावर बघतो. जत्रेचं कसं कसं आहे ते विचारलं. मी सांगितलं. मंगळवारी काय? पुरणपोळी. बुधवारी? खारं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आणि दिवसावरनं महिनाभर भांडणारी ही दोन माणसं एकदम बोलली, बुधवारी येतो.

मी म्हटलं, मंगळवारी आलात तर बरं, बुधवारी पहाटेच धरतात. ते म्हणाले, बघू.

बघू म्हणजे येणारच. साहेब लोक स्पष्ट बोलत नाहीत.

१८ एप्रिल, सोमवार. रात्र.

कृष्णात आला. हाडं वर आलीत. सुभेदारानं त्याला लांबनं ओळखलं, दावं तोडून धावला आणि त्याच्या पट्ट्याचं टोक चघळत उभा राहिला. कृष्णात त्याच्या गळ्यात हात घालून बसला. मग मान वर न करता म्हणाला, "आजी, खरंच माझ्यासाठी बोललीस?"

मी म्हटलं, व्हय.

लिहून ठेवते की हे मी चेअरमन म्हणून बोलले नाही.

दिवे लागायच्या आधी कोंडीबा न्यायला आला. देवाचे बोकड जत्रेच्या आदल्या दिवसापासनं देवळात बांधतात. नवं दावं आणलं होतं, घुंगरू पण. सुभेदार आधी जाईना. मीच पुढं होऊन आंब्याचा पाला दाखवला, तर माझ्या हातातला पाला खात खात देवळापर्यंत आला. शहाणा आहे. माझ्या मागं कुठंही येतो.

घरी आले तर शालू मसाल्याचं काढून बसली होती. कांदे मी चिरते म्हटलं. कांद्याला हल्ली फार तिखटपणा आलाय.

तलाठी येऊन गेला. साहेबांचा निरोप आहे. मंगळवारी जमणार नाही. बरोबर मंडळाचे आणखी चार होणारे मेंबर आणणार आहेत, त्यांना गाव दाखवायचं आहे. एवढी मोठी माणसं माझ्या शब्दावर येतात. पंगत किती वाजता बसते, एवढंच विचारून घ्यायला सांगितलंय. मी सांगितलं, बाराला.

मग बाराच्या आत नक्की पोचतील, असं तलाठी म्हणाला. २० तारखेला, बुधवारी.