उलटलेल्या अंड्यांची हकिकत

विश्रांतवाडी, पुणे
रविवार

चि. चंद्रभागेस,

अक्काचा प्रेमाचा जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. माझे माझ्याजवळच आहेत, पण ऐकत नाहीत. पत्र नेहमीप्रमाणे माझी नात आम्रपाली लिहून देते आहे. मंगळवारपासून ती माझ्याशी बोलत नाही. लिहून दे म्हटलं तर मात्र मुकाट्यानं पेन घेऊन बसली. (हेही लिही. भुवया उडवायला सांगितलेलं नाही.)

झालं असं. ही कॉलेजात संशोधन करते, ते तुला माहीतच आहे. अंड्यात पिल्लू घडताना त्याच्या रक्तवाहिन्या कशा तयार होतात, ते बघायचं. प्रयोगशाळेची दुरुस्ती निघाली, म्हणून सरांना विचारून उबवणीची पेटी घरी आणली आणि फ्रिजशेजारी थाटली. आत ऊब काय, पाण्याची वाटी काय! एवढी बडदास्त माझ्या सुनेची बाळंतपणात झाली नव्हती (हे सुनेनंच मला ऐकवलं). प्रत्येक अंड्याला वरून बारीक खिडकी कापून तिच्यावर चिकटपट्टी लावलेली. त्यातून ही डोकावत बसायची. म्हणायची, आजी, ये ना, बघ, बलकावर आधी लाल ठिपके उमटतात, ते एकमेकांना भिडून नळ्या होतात, नळ्यांचं जाळं होतं. हृदय धडधडायला लागतं तेव्हा रक्ताला जायला वाटा तयार असतात. मग त्या नळ्यांना फांद्या फुटतात. आईच्या पोटात तुझंही असंच झालं होतं. मी म्हणायची, माझं झालं ते झालं, इथं भाकरी करपते. दर वेळी भाकरी. आता वाटतं, एक करपली असती तर पुण्यातलं पीठ संपणार होतं का?

मंगळवारी दुपारी घरात मी एकटी. पेटीकडे बघून जीव कळवळला. आपण दोघींनी कोंबड्या पाळल्या. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी चोचीनं अंडी फिरवते, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं, हे तुला सांगायला नको. इथं आईच नाही, फिरवणार कोण? पेटीवर ठळक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. मला कुठं वाचता येतं! वाटलं, भांड्यांवर घालतो तसं हिनं नाव घातलंय. मग हात धुऊन (स्वच्छतेत कसूर नाही) सगळी अंडी मायेनं उलटी केली. खिडक्या खाली. लिहिलं होतं, ‘हलवू नये’.

आम्रपाली आली, झाकण उघडलं. पट्ट्या सुटून बलक ओघळलेला, ती जाळी फाटलेली. ओरडली नाही गं. एकेक अंडं उचलून बघत राहिली. सरांना दाखवायचं ते सगळं आता पहिल्यापासून. मी म्हटलं, ऑम्लेट तरी होईल. तिथं तिचं बोलणं थांबलं ते थांबलंच. चंद्रभागे, अंडी उलटली ती न कळून. ऑम्लेटचं मात्र कळून बोलले, वाटलं, हसेल. तेच जास्त लागतंय.

घरच्या सगळ्यांना जय भीम.

तुझी अक्का,
प्रेमला

ता.क. तुझा कोंबडा अजून कामाचा असेल, तर ताजी अंडी एस.टी.नं पाठव. (ही नको म्हणून मान हलवतेय. म्हणजे हिची अंडी ठरावीक ठिकाणाहूनच येत असणार. राहू दे, खोडू नकोस.)

पुन्हा ता.क. आम्रपाली, हे पत्र टपालात टाकू नकोस. चंद्रभागेला मी कालच फोनवर सगळं सांगितलं. ती हसली, तिला काय! पण तुझ्याशी बोलायला आले की तू उठून जातेस, आणि पत्र सांगितलं की पान संपेपर्यंत बसतेस. माझं चुकलं, बाळा. पान संपलं का?

(मागची बाजू कोरी आहे, आजी. सांग. — आम्रपाली)