अडलं तर विचारायचं कुणाला?

सांगली, रविवार, नोव्हेंबर १९९९

लग्नामुळे कॉलेज सुटलेल्या वहिनीला आज मलकापूरहून बोलावून सायबर कॅफेत नेलं. परदेशातल्या एका विद्यापीठानं गणिताचे धडे इंटरनेटवर फुकट ठेवलेत. पान उघडायला फार वेळ लागला, पण वहिनी पडद्यावरून नजर हलवेना. दुसऱ्याच गणिताला अडली.

“वन्सं, फुकट हाय खरं, पण अडलं तर इचारायचं कुणाला?”

मला ते येईना, कॅफेवाल्यालाही येईना. वर्ग सगळ्या जगाला खुला, आणि शंका विचारायला एक माणूस नाही? संध्याकाळभर डोक्यात तेच.

एसटीत चढताना तीच म्हणाली, “पुढच्या रविवारी येते. तुमी बी शिका माझ्यासंगं. दोघी मिळून अडू.”

हो म्हणाले. दहावीला मी गणितातच नापास झाले होते, हे तिला अजून सांगायचंय.