पान एकसष्टावरचं शून्य

३ मार्च २०२५, सोमवार. पहाटे ५.१०
अठराला विद्यापीठात प्री-सबमिशन सेमिनार. पीएच.डी.ची शेवटची मुदतवाढ. गाइड सर ‘शेवटची’ दोनदा म्हणाले. काळजी नाही. क्वांटम फील्ड थिअरीच्या समीकरणात एक पद येतं, त्यामुळे जग आणि आरशातलं जग यांत भेद पडायला हवा. प्रयोगात तो सापडत नाही. का, इथे भलेभले अडलेत. मी पान ६१ वर तीन ओळींत दाखवलंय: ते पदच शून्य. कारण ते फक्त अवकाशाच्या दूरच्या कडेला उरतं, आणि कडेला काही नसतं.
संकल्प: रोज पाच ते सात पान ६१ तपासणे. आज डायरीतच वेळ गेला.

५ मार्च
बायकोला, नमिताला, बँकेत प्रमोशन. पोस्टिंग नाशिकला. माझ्या थीसिसपायी आधी दोनदा नाकारलंय. अठराला सकाळी अकरापर्यंत कळवायचंय. म्हणालो, डिग्री मिळाली की रोह्याच्या कॉलेजात मी पर्मनंट, मग पेण सोडायचं कशाला? ती म्हणाली, नक्की होणार ना? म्हणालो, शंभर टक्के.

६ मार्च
पेपर तपासायचे होते, पान ६१ राहिलं. ऋणनिर्देश पुन्हा लिहिला. भरून आलं.
सुरभीचा मेसेज: सर, ६१ वर गडबड वाटते. माझी जुनी विद्यार्थिनी, इथल्याच जोहे गावची, आता मुंबईत याच विषयात रिसर्च करते. ड्राफ्ट मीच पाठवला होता, कौतुकासाठी. ‘बिझी’ कळवलं.

९ मार्च, रविवार
सुरभी घरीच आली. खिडकीच्या गजाला सुतळीचा एक वेढा दिला, दोन्ही टोकं माझ्या हातात दिली. टोकं न सोडता वेढा काढा, म्हणाली. ओढलं, सैल केलं. निघेना. म्हणाली, “सर, कडेला फील्डची ताकद संपते, पण वेढा उरतो. एक, दोन, तीन, असाच मोजायचा. तो शून्य धरता येत नाय. आरशाचा भेद त्या वेढ्यातूनच येतो.”
म्हणालो, सुतळी क्वांटम नसते. तिने एक रिसर्च पेपर टेबलावर ठेवला. नमिता दारातून बघत होती.

१२ मार्च
सुरभीने दिलेला रिसर्च पेपर वाचला. अर्धा. ॲसिडिटीची गोळी घेतली. मतभेद असू शकतात.

१५ मार्च
गाइड सरांना सविस्तर मेल लिहिला. ड्राफ्टमध्ये ठेवला. शनिवारी कशाला त्रास?

१७ मार्च. सकाळ
नमिताने विचारलं, सुरभी सांगत होती ते चूक होतं का? म्हणालो, तपशिलाचा मुद्दा आहे. बघा हां, उद्या मी नाय म्हणून कळवणार, म्हणाली. मी शर्टाला इस्त्री करत होतो. कळव, म्हणालो.

१८ मार्च. संध्याकाळी ६.४०
सेमिनार बाराला. पान ६१ आलं. परीक्षकबाईंनी शांतपणे विचारलं, कडेला शून्य कशावरून? म्हणालो, तसं धरलंय. का धरलंय? सर खिडकीबाहेर बघत होते. अठ्ठावीस मिनिटांत आटोपलं. रजिस्ट्रेशन रद्द.
घरी आलो. नमिताने अकराला पाच कमी असताना बँकेत फोन करून नकार कळवला होता. पाणी दिलं, कसं झालं विचारलं.
म्हणालो, गणित चूक होतं.
तिने माझ्या हातातला ग्लास घेतला. मग विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”
म्हणालो, नऊ तारखेला.