सातवीत फक्त पोरी

पोंभुर्णा, ८ जानेवारी १९५५

ती. पत्रूभाऊस,
कमळाचा सा. न. वि. वि.

घरी सारे खुशाल. चांद्याजवळ विलायती कंपनीनं पैसा ओतून खाण काढली, तेव्हापासून इथली पोरं चौथी झाली की तुझ्यासारखी तिकडं पळतात. सातवीत आम्ही तिघी पोरीच उरलो. गुरुजी सवयीनं अजून मुलांनो असंच म्हणतात.

बाबा मला सातवीच्या परीक्षेला चांद्याला पाठवायला तयार नाहीत. सोमाजी पाटलांचा मुलगा मला पाहून गेला. तो चौथी शिकलेला. नवऱ्याहून जास्त शिकलेली पोरगी कोण करून घेईल, असं बाबा म्हणतात. तू कमावता झाल्यापासून ते तुझंच ऐकतात. त्यांना लिही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
कमळा

खाण कॅम्प, २० जानेवारी

चि. कमळास अ. आ.

तू पुस्तकावाणी लिहितेस, वाचाले येळ लागते. सातवी होऊन काय करशील? इथी बाया कोळशाच्या टोपल्या वाहतेत. शिकली म्हणून टोपली हलकी होत नाई. मी चौथीवरच सुटलो, तरी कंपनीनं टोपी देल्ली. गोरा साहेब म्हणते, विलायतेतून आखीन पैसा येऊन राह्यला, साऱ्याइचं भलं होईल. बाबाले काही लिहिलं नाई. रुसजो नको.

तुहा भाऊ पत्रू

खाण कॅम्प, ६ मार्च

चि. कमळास अ. आ.

कंपनीले हजेरी-कारकून पाहिजे होता, सातवी पास. आम्ही सारे उभे राह्यलो, सारे चौथीवाले. साहेबानं दुभाष्याकडून पुसलं, तुमच्या गावात पुढं कोणीच शिकत नाई काय? मी म्हणलो, माही बहीण शिकते. सारे हासले. मीबी हासलो. मंग ताटावरून उठलो.

नागपूरचा माणूस आणला. तो माह्यं नाव पुत्रू लिहिते.

बाबाले कळवलं, कमळा परीक्षेले बसन. सोमाजीकडचे थांबले तर थांबले. न्यायले मीच येतो.

पत्रू

पोंभुर्णा, १९ जून

ती. भाऊस सा. न.

पास झाले. सोमाजींकडून नकार आला. तरी दुसऱ्या दिवशी बाबा बाजारात ज्याला त्याला माझा निकाल सांगत फिरले.

कंपनीत अर्ज केला होता. कारकुनाच्या जागी बाई घेता येत नाही, टोपलीचं काम मिळेल, असं उत्तर आलं. तालुक्याच्या जनपद सभेनं मात्र इथल्या मुलींच्या शाळेवर शिक्षिका म्हणून घेतलं. तुझ्याविना हे झालं नसतं.

लोभ आहे तो वाढव.
कमळा

खाण कॅम्प, २ जुलै

चि. कमळास अ. आ.

कंपनीचं उत्तर वाचून मी साहेबाच्या बंगल्यापर्यंत गेलो. फाटकातूनच वापस आलो. काय बोलावं अन् कोणत्या भाषेत, समजलं नाई.

रविवारी येतो. मले पाचवी शिकव. घरी नाई, बाबासमोर लाज वाटते, शाळेचं कुलूप खोल. शाळेत तुले बाई म्हणीन. चुकलो त मारजो नको, मी मोठा आहो.

पत्रू